नियंत्रण कक्ष, आपत्कालीन

नियंत्रण कक्ष, आपत्कालीन : पूर, भूकंप, आग इ. आपत्तींच्या काळी निरनिराळ्या ठिकाणांहून येणारी वृत्ते एकत्र करून मदतकार्यास दिशा देणारी, अहोरात्र चालणारी मध्यवर्ती यंत्रणा. अशा कक्षाला दोन पहारे ठेवावे लागतात : एक, वृत्ते वाहून आणणाऱ्या संदेशजाळ्यावरील व दुसरा, ज्या इमारतीत तो कक्ष असतो तिच्या सुरक्षिततेवरील. महाराष्ट्रात यांपैकी पहिल्या पहाऱ्याची निकड लातूरच्या भूकंपाने पटली. दुसऱ्याकडे लक्ष जाण्यास पुढे जवळजवळ दोन दशके लागली.

मराठवाड्यातील जिल्हाधिकारी कार्यालयांत पावसाळ्यापुरता पूर नियंत्रण कक्ष उघडण्याची पद्धत जुनी आहे. एक दूरध्वनी, पर्जन्यमानाची नोंदवही आणि पाळीने बसणारे कारकून एवढाच त्याचा संसार असे. पोलिसांची बिनतारी यंत्रणा स्वतंत्र, पाटबंधारे खात्याची स्वतंत्र आणि कचेरीच्या इमारतीचा पहारा रात्रीच्या चौकीदाराकडे. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे ‘निकनेट’ हे उपग्रहाधिष्ठित जाळे १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जिल्हा ठिकाणांपर्यंत पोहोचले. परंतु त्याचा उपयोग प्रामुख्याने प्रशासकीय माहितीच्या देवाणघेवाणीसाठी होई.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील (औसा तालुका) किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्याची महत्ता ६·२ ते ६·४ च्या दरम्यान मानली जाते. तो लातूर व उस्मानाबाद (विद्यमान धाराशिव) या जिल्ह्यांत विशेष विनाशक ठरला. सरकारी गणनेनुसार सु. ७,९०० माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या जाड भिंती व वरचे मातीचे जड धाबे ही या भागातील घरांची रीतच प्राणहानीस मुख्यतः कारणीभूत झाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती व विसर्जनानंतर लोक गाढ झोपेत होते. द्वीपकल्पाचा हा भाग स्थिर समजला जाई आणि तत्कालीन भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात तो सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. वस्तुतः १९९२ मध्ये किल्लारीत लहान धक्क्यांची मालिकाच जाणवली होती. तथापि अशा नोंदींवर सतत नजर ठेवून त्यांचा मदतव्यवस्थेशी सांधा जोडणारा कक्ष त्या काळी नव्हता. तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांनी मुंबईत हादरा जाणवताच पहिली चौकशी कोयनेला केली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण पाहता ते स्वाभाविकच होते.

जागतिक बँकेच्या २४·६ कोटी डॉलरच्या कर्जसाहाय्याने १९९४ मध्ये भूकंप पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. घरबांधणीच्या मानाने त्याचा एक लहानसा भाग राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन योजनेचा होता, व त्याची चर्चाही कमीच झाली. त्या योजनेतून मुंबईत मंत्रालयात राज्याचा नियंत्रण कक्ष उभा राहिला आणि विभागीय व जिल्हा कक्ष लहान थाळीच्या उपग्रह भूकेंद्रांनी (व्हीसॅट) त्यास जोडले गेले. जमिनीवरील तारा तुटल्या, तरी उपग्रहाचा मार्ग खुला राहावा, हा त्यामागील हेतू होय.

जाळ्यावरील पहाऱ्याचे महत्त्व नांदेड येथे वेगळ्या प्रकारे प्रत्ययास येते. शहराला लागून गोदावरीवर विष्णुपुरीचा प्रकल्प आहे. त्याचे दरवाजे केव्हा व किती उघडावयाचे, हे केवळ तेथील पाण्याच्या पातळीवरून ठरविणे उशिराचे ठरते. पैठणच्या जायकवाडी धरणातून होणारा विसर्ग आणि येलदरी-सिद्धेश्वरकडून पूर्णा नदीतून येणारे पाणी यांची वार्ता आधी यावी लागते. वरच्या एखाद्या ठाण्याकडून वृत्त आले नाही, तर तेथे पाऊस नाही की तेथील यंत्रच बंद आहे, हे कक्षातील माणसाला ताबडतोब कळले पाहिजे. मौनाचा अर्थ लावणे हे या कामातील सर्वांत कठीण अंग आहे.

दुसऱ्या पहाऱ्याची उणीव २१ जून २०१२ रोजी उघड झाली. त्या दिवशी दुपारी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली. तीत पाच जण दगावले व असंख्य कागदपत्रे जळाली. १९५५ मध्ये सचिवालय म्हणून वापरात आलेल्या याच इमारतीत राज्याचा आपत्कालीन कक्ष होता. साऱ्या जिल्ह्यांची खबर घेण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेचे घरच आपद्‌ग्रस्त झाले. लातूरनंतर जाळ्याच्या मजबुतीचा जेवढा विचार झाला, तेवढा वास्तूचा झाला नव्हता, असेच यावरून म्हणावे लागते.

दोन्ही पहारे एकाच कक्षात आणण्यास तंत्रविद्येतील एक बदलही कारणीभूत आहे. पूर्वी अग्निसूचक घंटा, दरवाज्यांची कुलुपे व छायाचित्रण यांच्या तारा परस्परांपासून वेगळ्या असत. आता कॅमेरे, धूर-संवेदक, प्रवेशपत्रे वाचणारी यंत्रे, विद्युत् जनित्राची स्थिती दर्शविणारी उपकरणे ही सर्व बहुधा त्याच संगणक-जाळ्यावरून बोलतात. त्यामुळे एखाद्या कॅमेऱ्याचे चित्र नाहीसे झाले, तर तार तुटली, जोडयंत्र तापून बंद पडले, वीज गेली, आग लागली की कोणी हेतुपुरस्सर हात घातला, हे एकट्या जाळेतज्ञाला किंवा एकट्या पहारेकऱ्याला सांगता येत नाही. दोघे शेजारी बसले आणि दोन्ही नोंदी एकाच घड्याळानुसार असल्या, तर उलगडा लवकर होतो. अर्थात याची किंमतही आहे : सर्व दोर एका खोलीत आले की ती खोली हाच सर्वांत दुबळा बिंदू होतो. म्हणून कक्षाला स्वतंत्र वीजपुरवठा, आगीपासून वेगळी राखलेली केबलची वाट व दूरस्थ पर्यायी कक्ष असणे अगत्याचे मानतात. खर्चाच्या दृष्टीने यांतील शेवटची बाब पहिल्याने वगळली जाते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाने जिल्हा प्राधिकरणांना कायद्याचा आधार दिला. पोलीस, अग्निशमन व रुग्णसेवा यांसाठी ११२ हा सामाईक क्रमांक महाराष्ट्रात २०२१ मध्ये कार्यान्वित झाला. त्याचे मुख्य केंद्र नवी मुंबईत महापे येथे असून दुसरे नागपूर येथे आहे. नांदेड वा लातूर जिल्ह्यातून या क्रमांकावर केलेला दूरध्वनी आधी अशा केंद्रात घेतला जातो व तेथून संबंधित जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाकडे येतो.