सत्तावीस बसगाड्यांचा वारसा

वाहनांतून बाहेर पडणारा कार्बन कमी करावा, हा विचार सरकारी धोरणात अलीकडे आला. परंतु अनेकांनी मिळून एकाच वाहनातून जावे, ही व्यवस्था हैदराबादेत जुनी आहे. आपल्या जुन्या मराठी घराण्यांनी तरी तिचा इतिहास विसरू नये, असे आम्हांस वाटते. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा येणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९००च्या सुमारास पुरा झाला. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे त्याच मार्गाने या शहरात आले आणि पुढे १९१६ साली बांधलेले काचीगुडा स्थानक आपल्या येण्याजाण्याचे दार झाले.

ही रेल्वे १९३० साली निजाम सरकारने कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. जून १९३२ मध्ये या रेल्वेनेच बसवाहतुकीचे खाते काढले. आरंभी बसगाड्या होत्या २७ आणि नोकर १६६. बसच्या क्रमांकातील ‘झेड’ हे अक्षर निजामांच्या मातोश्री झहरा बेगम यांच्या नावावरून आले, असे जुने लोक सांगत. परंतु आमच्या मते महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ती ही, की बस आणि आगगाडी यांचा धनी एकच होता. ब्रिटिश हिंदुस्थानात त्याच सुमारास खाजगी मोटारी रेल्वेचे उतारू पळवीत होत्या आणि या स्पर्धेच्या चौकशीसाठी १९३२-३३ साली मिचेल व कर्कनेस या अधिकाऱ्यांना नेमावे लागले. येथे मात्र बस रेल्वेच्याच घरची होती.

नोव्हेंबर १९५१ मध्ये बसखाते रेल्वेपासून निघून राज्य शासनाकडे आले. ११ जानेवारी १९५८ रोजी त्याचे महामंडळ झाले. सेवा गावोगाव पोहोचली, हे खरे. पण धनी दोन झाले. २००३ साली एमएमटीएस आली, २०१७ साली मेट्रो आली. सोयी वाढल्या, तशी दारेही वाढली.

आता आजच्या धोरणाकडे पाहू. तेलंगणा शासनाने २०२० साली विद्युत वाहनांचे धोरण जाहीर करून ठरावीक संख्येपर्यंतच्या वाहनांना रस्ताकर व नोंदणीशुल्क माफ केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये संख्येची अट काढून ही माफी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत दिली. हेतू चांगलाच आहे. परंतु एका बसमध्ये बसणारी पन्नास माणसे पन्नास विद्युत मोटारींतून निघाली, तर नळीतून धूर निघणार नाही, एवढेच. रस्ता भरायचा तो भरेलच आणि त्या विजेसाठी रामगुंडमला कोळसाही जळेल. याउलट डिसेंबर २०२३ पासून महिलांना आरटीसीच्या बसमधून मोफत प्रवास मिळू लागला. त्या योजनेचा हेतू कार्बन हा नव्हता, तसा १९३२ सालच्या बसचाही नव्हता. पण माणसे बसकडे वळली, की हवेचे काम आपोआप होते.

येथे एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. आम्ही शासकीय सेवेत असताना रहदारीच्या कोंडीची फाइल आली, की उड्डाणपुलाचा प्रस्ताव भराभर वर सरके. बसथांब्यावर छप्पर हवे, हा कागद मात्र ‘निधीअभावी’ परत जाई. त्या शेऱ्याखाली आमचीही सही असे. कचेरीतून आम्ही परतत असू तेही स्वतःच्या स्कूटरवरून, पुढे मोटारीतून. बस सोडली ती प्रथम आमच्या पिढीने. रिकाम्या बसचा दोष नुसता महामंडळावर टाकणे न्यायाचे नाही.

विजेवरच्या बसगाड्या शहरात २०१९ सालीच धावू लागल्या आणि त्या वाढाव्यात. पण त्यांच्या जोडीला बस, मेट्रो आणि आगगाडी यांचे एक तिकीट, एक वेळापत्रक आणि स्थानकाच्या दारातच बसथांबा एवढे साधले, तर १९३२ साली एका खात्याने जोडलेले सूत्र पुन्हा हाती येईल. आणि आपण? आठवड्यातून एक दिवस तरी मोटार घरी ठेवून काचीगुड्याला बसने जाण्यास आपणांस कोणत्या शासननिर्णयाची आवश्यकता आहे?