१. पोपटांचा ताप
क्लॅमिडिया सिटासी या जिवाणूमुळे होणारा फुप्फुसांचा आजार, म्हणजेच सिटॅकोसिस. चोच लागायलाच हवी असे नाही. पिंजरा झाडताना वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे आत गेली तरी पुरे. पक्षी वरकरणी ठणठणीतही असू शकतो. माणसाला मात्र सडकून ताप, असह्य डोकेदुखी आणि कोरडा खोकला. लेखकाच्या मनात १९२९-३०ची साथ आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पोपटांबरोबर ती अमेरिकेत आणि युरोपात पोहोचली. वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत तिचा माग काढणारे डॉ. चार्ल्स आर्मस्ट्राँग स्वतः आजारी पडले. त्यांचे सहायक अँडरसन दगावले. त्यांची आठवण इथे ठेवायलाच हवी. तेव्हा औषध नव्हते. आज डॉक्सिसायक्लिनने आजार बरा होतो. मात्र घरात पक्षी असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. — संपा.