न्यू यॉर्क सेंट्रल रेल्वेतील मतसंघर्ष

न्यू यॉर्क सेंट्रल या अमेरिकन रेल्वे कंपनीच्या नियंत्रणासाठी १९५४ मध्ये झालेला भागधारकांचा संघर्ष. अनुपस्थित भागधारक प्रॉक्सी या अधिकारपत्राने आपले मत दुसऱ्याकडे सोपवितो. ही पत्रे मिळविण्यासाठी दोन्ही पक्षांनी जाहिरातींचा मोठा वापर केला. संचालक मंडळाने अध्यक्षपद नाकारल्यावर रॉबर्ट यंग यांनी बँकांच्या वर्चस्वाविरुद्ध लहान भागधारकांना आवाहन केले. विल्यम व्हाइट यांनी व्यवस्थापनाची बाजू मांडली. एकूण सु. ६४ लाख भागांपैकी ८ लाख भागांचा मताधिकार चेस बँकेकडे विश्वस्त म्हणून होता. ते भाग टेक्ससच्या मर्चिसन व रिचर्डसन यांनी विकत घेतले व यंग यांना पाठिंबा दिला. ऑल्बनी येथील सभेत यंग यांचा गट सु. १०·६७ लाख मताधिक्याने विजयी झाला. हे भाग विरोधात गेले असते, तर निकाल उलटला असता. लहान भागधारकांच्या नावे लढलेला हा संघर्ष अशा रीतीने मोठ्या भागधारकांवरही अवलंबून होता. १९५८ मध्ये कंपनीचा लाभांश थांबला.