कलम होते, सही नव्हती

आम्हा गिरणी कामगारांना ठिय्या म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पण चाकाच्या खुर्चीवरच्या, आंधळ्या, बहिऱ्या माणसांनी सरकारी कचेरीत तीन आठवड्यांहून जास्त ठिय्या मारला, हा इतिहास आपल्या वस्तीत फारसा कुणी सांगत नाही. म्हणून तो इथे मांडत आहोत.

ही गोष्ट अमेरिकेची. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्यात निकाल दिला, की काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत ठेवणे हीच विषमता. अपंग मुलांच्या आईबापांनी हा निकाल बरोबर हेरला. वेगळे बसवणे अन्याय, तर शाळेबाहेरच ठेवणे न्याय कसा? पेनसिल्वेनियात मतिमंद मुलांचे पालक कोर्टात गेले आणि १९७२ साली मुलांचा शिक्षणाचा हक्क त्यांनी पदरात पाडून घेतला. १९७५ साली सर्व अपंग मुलांच्या मोफत शिक्षणाचा कायदा देशभर झाला. तोवर दहा लाखांहून अधिक मुले शाळेबाहेर होती.

त्याआधी १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात ५०४ वे कलम आले होते. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्याने अपंगांशी भेदभाव करायचा नाही. पण नियमावलीवर मंत्र्याची सहीच होईना! कलम जवळजवळ चार वर्षे कागदावर पडून राहिले.

५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कचेरीत शंभराहून अधिक माणसे शिरली ती बसलीच. पुढारी होत्या ज्युडिथ ह्यूमन. लहानपणी पोलिओ झालेल्या या बाईंना शाळेने ‘आगीच्या वेळी धोका’ म्हणून नाकारले होते. सरकारने फोन तोडले, तर बहिऱ्या साथींनी खिडकीतून खुणांच्या भाषेत निरोप धाडले. ज्यांच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या ब्लॅक पँथरनी आत गरम जेवण पोचवले. त्यांचा ब्रॅड लोमॅक्स हा कार्यकर्ता स्वतः चाकाच्या खुर्चीवर आत बसला होता. अखेर २८ एप्रिलला मंत्री कॅलिफानो यांनी सही केली.

आपल्याकडे १९९५ साली अपंगांसाठी कायदा आला, सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या. २०१६ च्या कायद्याने त्या ४ टक्के केल्या आणि ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण कायदा झाला म्हंजे काम झालं असे नव्हे. आपल्या चाळीतल्या अशा मुलाचे नाव शाळेच्या पटावर आहे का, एवढे प्रत्येकाने जाऊन पाहावे. नसेल तर चार जणांनी मिळून हेडमास्तरांकडे जावे.