गाण्याची परीक्षा : गुरूच्या घरापासून परीक्षा केंद्रापर्यंत

बेंगळुरूमध्ये गाणे शिकणाऱ्या मुलापुढे आज परीक्षांचे निदान तीन रस्ते असतात. कर्नाटक राज्याच्या ज्युनिअर, सीनिअर आणि विद्वत् परीक्षा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षा. आणि पियानो-गिटार वाजवणाऱ्यांसाठी लंडनच्या ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या ग्रेड. गाण्याला गुण देता येतात, हे आपण इतके गृहीत धरतो की ती कल्पना कुठून आली हे विचारायचे राहून जाते.

घराण्याच्या तालमीत परीक्षा नव्हती असे समजू नका. ती रोजच होती. फक्त परीक्षक एकच आणि निकाल तोंडी. पुढचा राग कधी द्यायचा, शिष्याला मैफलीत मागे कधी बसवायचे, हे गुरू ठरवी. अडचण अशी की त्या घरात प्रवेश मिळणे हीच सर्वांत अवघड परीक्षा असे, आणि तिचे नियम कोठेही लिहिलेले नसत.

हे बदलण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले. १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज निघाला, १८८६ मध्ये बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा. पण परीक्षेच्या इतिहासात निर्णायक नाव विष्णु दिगंबर पलुस्करांचे. कुरुंदवाडचा हा मुलगा, फटाक्याच्या अपघातात दृष्टी अधू झाली म्हणून गाण्याकडे वळवलेला, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकला. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयावर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर. ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तके, इयत्ता, परीक्षा, पदवी हे सगळे आले. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. पुढे कर्जापायी तिथली इमारत लिलावात गेली. १९३१ मध्ये पलुस्कर वारले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी मंडळ स्थापन केले. इमारत गेली, परीक्षा टिकली. माझ्या मते यात नवल नाही: इमारतीला भाडे लागते, अभ्यासक्रम टपालाने जातो.

परीक्षेसाठी आधी गाणे कागदावर यावे लागते. इथे पलुस्कर आणि भातखंडे यांच्या स्वरलिपी वेगळ्या. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू म्हणजे तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत तोच बिंदू मंद्र सप्तक दाखवतो. एकाच्या वहीतून दुसऱ्याने गायले तर काय होईल, याची कल्पना करा!

दक्षिणेत हे काम काहीसे सोपे होते. सरळे वरसे, जंटे वरसे, अलंकार, गीते, वर्ण, मग कृती ही पायऱ्यांची रचना तिथे परंपरेतच होती. तिचे श्रेय पुरंदरदासांना दिले जाते. ज्युनिअर परीक्षेला ती जवळजवळ तयार मिळाली. ख्यालाला मात्र अशी शिडी नव्हती. ती बांधावी लागली: आधी सरगम गीत, मग छोटा ख्याल, मग बडा.

आता मुख्य प्रश्न. हाताने ताल दाखवणे, रागाचे आरोह-अवरोह, लक्षणगीत हे तपासता येते. आलाप कुठे थांबवावा हे कसे तपासणार? मी अभियांत्रिकी शिकवतो. जे मोजता येते तेच हळूहळू शिकवले जाते, हे आमच्याकडेही पाहतो. पाठ केलेल्या ताना परीक्षेत चालतात, म्हणून क्लासमध्ये ताना लिहून दिल्या जातात. मंडळाने वरच्या परीक्षांत मंचप्रदर्शन ठेवले ते या उणिवेवरचेच उत्तर होय.

तरीही मी या व्यवस्थेच्या बाजूने आहे. छापील अभ्यासक्रम नसता तर मध्यमवर्गीय घरांतल्या असंख्य मुलींना गाणे शिकताच आले नसते. उस्तादाच्या घरी राहून शिकणे त्यांना शक्यच नव्हते. महाराष्ट्रात अलीकडे दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे नोंदणी करणाऱ्यांत गाण्यासाठी आलेले कोण आणि गुणांसाठी आलेले कोण, हे परीक्षकाला पहिल्या षड्जावरच ओळखावे लागते. तो रकाना मात्र गुणपत्रिकेत नाही.