मोडीत निघालेलें सरकारी यंत्र

१८६० सालीं मुंबईहून निघालेला लोहमार्ग सोलापुरास येऊन पोंचला. रुळांच्या कडेनें खांब उभे राहिले व त्यांवरून विजेची तार आली. पुढें १८७७ मध्यें जुनी गिरणी सुरू झाली, पेठ वाढली, आणि मुंबईचा भाव कळण्यासाठीं टपालाची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं. भारतांत १८५५ सालीं सर्व जनतेस खुली झालेली ही तारसेवा १४ जुलै २०१३ रोजीं बंद पडली. शहरांत तार केव्हां आली हें इतिहासांत सांपडतें. परंतु तारयंत्रें जुनीं झाल्यावर कोठें गेलीं, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. यंत्राचें आगमन समारंभानें होतें. त्याचें जाणें मात्र दप्तरांतील एका ओळींत आटोपतें. त्या ओळीचा इतिहास जाणण्यासारखा आहे.

सरकारी कचेरींत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तु जडसंग्रह नोंदवहींत चढते. खुर्ची असो, घड्याळ असो वा यंत्र असो, तिची किंमत व खरेदीची तारीख तेथें लागते. वस्तु निकामी झाली म्हणजे तिची तपासणी होते, वरिष्ठांच्या मंजुरीनें तिचें ‘निर्लेखन’ होतें, लिलांव पुकारला जातो आणि आलेली रक्कम खजिन्यांत भरली जाते. ही पद्धति शिस्तीची आहे, व ज्या काळीं ती घडली त्या काळास ती पुरेशीही होती. तारयंत्र म्हणजे मुख्यतः पितळ, तांबें, लोखंड व लांकूड. मोडीचें पितळ तांबटाकडे गेलें, लोखंड लोहाराच्या भट्टींत गेलें, म्हणजे तें संसारास पुन्हां उपयोगी पडे.

कागदाविषयीं तर सरकार याहूनही दक्ष राहिलें. महसुली दप्तरांत कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात. ‘अ’ वर्गाचा कागद कायम जपावयाचा, ‘ब’ वर्गाचा तीस वर्षें ठेवावयाचा, आणि ‘ड’ वर्गाचा अल्पकाळांत नष्ट करावयाचा. याप्रमाणें कागदाचें आयुष्य किती, हें ठरलेलें होतें. मोडक्या वस्तूस किंमत किती येईल, हेंही पाहिलें जात होतें. परंतु ती वस्तु फोडणाऱ्यास तिच्यापासून अपाय किती, या प्रश्नासाठीं नोंदवहींत रकानाच नव्हता.

संगणक आले आणि ही उणीव जाणवूं लागली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ सालीं झाली, व १९८० नंतरच्या दशकांत त्याचें जाळें जिल्ह्याच्या ठिकाणांपर्यंत पोंचलें. मागाहून सातबाराचा उतारा संगणकावर आला, शाळांतून संगणक आले, आणि जानेवारी २०१६ मध्यें स्मार्ट शहरांच्या पहिल्या वीस नांवांत सोलापूरचें नांव लागलें. हीं यंत्रें दिसण्यांत निरुपद्रवी असतात. तथापि जुन्या धर्तीच्या पडद्याच्या जाड कांचेंत शिसें असतें. कांहीं विजेऱ्यांत कॅडमियम, तर कांहीं दिव्यांत पारा असतो. त्याच यंत्रांत तांबें असतें, सोन्याचाही अंश असतो. भंगाराचा धंदा करणारा गरीब मनुष्य तांब्यासाठीं तारांचें आवरण उघड्यावर जाळतो व सोन्यासाठीं यंत्राच्या पट्ट्या तीव्र आम्लांत बुडवितो. त्यास दोष देऊन भागणार नाहीं. त्यानें रोख पैसे मोजलेले असतात, आणि धोक्याची सूचना त्याला बहुधा कोणी दिलेली नसते. धूर त्याच्या मुलांच्या छातींत शिरतो, आम्ल नाल्यास मिळतें. शिवाय पाटी पुसली कीं अक्षर जातें, तसें संगणकाचें नाहीं. पुसल्यासारखा दिसणारा मजकूर पुष्कळदां आंत शिल्लक राहतो, आणि यंत्राबरोबर नागरिकांची खासगी माहितीही परक्याच्या हातीं जाऊं शकते.

असावध निर्लेखनाची किंमत देशानें २०१० सालीं मोजली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागांत १९६८ मध्यें घेतलेलें एक किरणोत्सर्गी उपकरण होतें. १९८५ पासून तें वापरांत नव्हतें. फेब्रुवारी २०१० मध्यें तें लिलांवांत भंगार म्हणून विकलें गेलें व मायापुरीच्या बाजारांत फोडलें गेलें. त्याच्या आंत कोबाल्ट-६० होतें. अनेक माणसें आजारी पडलीं, एक मजूर प्राणास मुकला. तें उपकरण संगणक नव्हतें. परंतु धडा सर्व सरकारी यंत्रांना लागू आहे. लिलांवाच्या शेवटच्या बोलीनें मालक बदलतो, धोका बदलत नाहीं.

कायद्याचें लक्ष या गोष्टीकडे हळूहळू वळलें. घातक कचरा परदेशीं ढकलण्यास आळा घालणारा बाझल करार १९८९ सालीं झाला. भारतानें तो १९९२ सालीं स्वीकारला. देशांतील ई-कचऱ्यासाठीं स्वतंत्र नियम २०११ सालीं निघाले व १ मे २०१२ पासून अमलांत आले. सरकारी खातीं, बँका व शिक्षणसंस्था यांना त्यांत ‘मोठे ग्राहक’ म्हणून बांधून घेतलें. २०१६ सालीं नवे नियम आले, आणि २०२२ सालीं केलेले नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. मोठ्या ग्राहकानें आपलें निकामी उपकरण नोंदणी असलेल्या उत्पादकाच्या, दुरुस्ती करणाराच्या वा पुनर्चक्रण करणाराच्याच हातीं द्यावें, असा त्यांचा दंडक आहे. अधिक बोली करील त्यास माल, हा जुना न्याय येथें संपला.

तरीही एक फट उरते. नव्या व्याख्येप्रमाणें वर्षांत एक हजार वा अधिक उपकरणें वापरील तो मोठा ग्राहक. सांगोल्याच्या वा अक्कलकोटच्या एखाद्या खेड्यांतील शाळेंत संगणक असतात दहा. तिचा हिशेब एकटीचा धरला, तर ती शाळा या मोजणींत येत नाहीं. परंतु दहा संगणकांतील शिसें म्हणून कांहीं कमी विषारी होत नाहीं. जिल्ह्यांतील सर्व शाळांचीं निकामी यंत्रें एकत्र मोजून एकाच जबाबदार हातीं सोंपविलीं, तरच ही फट बुजेल.

त्यासाठीं फार मोठा खर्च लागत नाहीं. हिशेबाची जुनी संवय थोडी पुढें नेली म्हणजे पुरे. वस्तु कोठून आली हें सरकारनें पिढ्यान्पिढ्या लिहून ठेवलें. आतां ‘रक्कम किती आली’ या रकान्याशेजारीं ‘कोणाच्या हातीं दिली’ व ‘त्यानें तिचें काय केलें’ हे दोन रकाने काळजीपूर्वक भरले जावेत. ते कोरे राहिले, तर त्यांचा हिशेब अखेर कोणाच्या तरी लेंकरांच्या छातींत भरला जातो.