घाट ओलांडताना

मुंबई-पुण्याच्या माणसाने किती लांबचा पल्ला गाठायचा, हे फार काळ सह्याद्रीने ठरवले. मागेच जायचे तर आपण नाणेघाटापर्यंत जाऊ. सातवाहनकाळात जुन्नरचा माल याच वाटेने कल्याणच्या बंदराकडे उतरे. राणी नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण तिथे अजून आहेत. पेशवाईपर्यंतही घाटातली रीत फारशी बदलली नव्हती. माल बैलांच्या पाठीवर, ऐपतदार पालखीत किंवा घोड्यावर, बाकीचे पायी, मुक्काम करत मजल दरमजल. चाकाला घाट जवळजवळ वर्ज्यच होता. 1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि ते सोवळे सुटले.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, अंतर अवघे 34 किलोमीटर. 1856 मध्ये रूळ खोपोलीला पोहोचले. 1858 मध्ये वर खंडाळा-पुणे गाडीही सुरू झाली. मधला घाट मात्र तसाच! पुढची पाच वर्षे उतारू खोपोलीला बोचकी-वळकट्यांसह उतरत, पालखीत, तट्टावर किंवा पायी घाट चढत आणि खंडाळ्याला दुसरी गाडी धरत. इतिहासात या पाच वर्षांना एखादी ओळ मिळते. मला ती सर्वांत बोलकी वाटतात. बोगद्यांच्या कामावर पटकीने हजारो मजूर दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये वारले, तेव्हा त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे चालवले. 1863 मध्ये रूळ जुळले: 25 बोगदे, 1831 फुटांची चढण. चढ इतका उभा, की मध्ये एका ठिकाणी इंजिन दुसऱ्या टोकाला लावून गाडी उलट दिशेने काढावी लागे. ही कसरत 1929 मध्ये थांबली, आणि 1 जून 1930 रोजी विजेवर धावणारी डेक्कन क्वीन पावणेतीन तासांत पुण्याला पोहोचू लागली. तिची पहिली गिऱ्हाइके शनिवार-रविवारचे घोड्यांच्या शर्यतीचे शौकीन. नोकरदार पासधारक मागाहून आले. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला, तेव्हा मोटारीनेही एका दिवसात जाऊन-येऊन काम उरकणे सोपे झाले. आज पुण्यात राहून रोज मुंबईत नोकरी करणारा रेल्वेने येऊन-जाऊन 384 किलोमीटर तोडतो. तरीही पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना घाटासाठी कर्जतला मागून जादा इंजिने जोडावी लागतात, आणि तेवढ्या वेळात उतारू वडापाव घेऊन टाकतात.